खालचा पट्टा

१

कोकणात फिरायला जाणाऱ्या माणसांच्या घामाला कसा वास येतो, ते मला विचारा. अकरा वर्षं तोच वास घेतेय. जूनमध्ये दर्या खवळला की किनाऱ्यावरचे वॉटर स्पोर्टवाले दुकान आवरतात आणि वर्षभर वापरलेली लाइफ जॅकेटं गोण्यांत कोंबून माझ्याकडे उल्हासनगरला पाठवतात. कॅम्प चार नंबरला, जीन्स शिवणाऱ्यांच्या गल्लीत माझा गाळा आहे. जॅकेटं धुवायची, उसवलेली शिवायची, मोडकी बकलं बदलायची, फोम बसला असेल तर नवा भरायचा आणि ऑगस्टअखेर परत पाठवायची. असा माल पाठवणाऱ्या सात पार्ट्या आहेत माझ्या.

आणि जॅकेटावरून माणूस कळतो हो. एकाच्या फोममध्ये गुटख्याची पुडी खोचलेली. एकीची लिपस्टिक कॉलरला. एका बहाद्दरानं छातीवर पेनानं बदाम काढून ठेवलेला. ही सगळी आपलीच मंडळी, बदलापूर, अंबरनाथ, कल्याणची. पहाटे उठायचं, पाच तास घाटात ट्रॅफिकमध्ये कुजायचं आणि दहा मिनिटं त्या रबरी केळ्यावर बसून बोंबलायचं. मग डॉल्फिन बघायला जायचं. लांब काहीतरी काळं हलतं, नाववाला म्हणतो तो डॉल्फिन, की सगळे 'वॉव'. पोहता एकालाही येत नाही. घरी आल्यावर म्हणणार, निसर्गाच्या कुशीत जाऊन आलो. कप्पाळ तुमचं!

गाळ्यात मी आणि मोतीबाई, दोघीच. मोतीबाई पालेगावची आगरीण, साठी उलटलेली. तिचा बाप जन्मभर मिठागरावर राबला, त्यामुळे खाऱ्या पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं असा तिचा दावा. बिल्डरनं जमीन घेतली, मुलानं गाडी घेतली, तरी ही रोज रिक्षानं माझ्याकडे येते. घरी बसलं तर हाडं गंजतात म्हणे.

२

लाइफ जॅकेटाला छातीवर तीन बकलं असतात आणि एक पट्टा खालून, दोन मांड्यांमधून, मागून पुढे येतो. तो कशाला? पाण्यात पडलं की जॅकेट वर उचललं जातं आणि माणूस खाली ओढला जातो. खालचा पट्टा नसला तर माणूस जॅकेटातून सुटून खाली जातो. लहान पोरं तर हमखास.

हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. तरी मी तो पट्टा कापते.

कारण गिऱ्हाइकांना तो नको असतो. बायका लाजतात, पुरुष खिदळतात, पोरं रडतात, फोटोत घाण दिसतं. मीच ही आयडिया काढली आणि तिला नावही दिलं, 'फोटो फिटिंग'. सातही पार्ट्या खूश. माणसं फोटोसाठी जॅकेट घालतात तर त्यांना फोटोपुरतंच द्यावं, एवढं साधं माझं म्हणणं. कापलेल्या पट्ट्यांचे मी बाजाराच्या पिशव्यांना बंद लावले. वाया काही घालवत नाही मी.

यंदा आमच्या सोसायटीची सहल निघाली. आम्ही शिरगावला राहतो, बदलापूर पूर्वेला. माझा नवरा उन्मेष अंबरनाथच्या एका कंपनीत शिफ्ट ऑफिसर आहे आणि फुकटची हौस म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी. त्यानं सहल ठरवली ती नेमकी अल्पेशकडे, रायगडच्या किनाऱ्यावर. अल्पेश माझा सगळ्यात जुना पार्टीवाला. सप्टेंबरचा दुसरा रविवार. बनाना, बंपर, कयाक, डॉल्फिन, वर सुरमई थाळी. आमची राजसी नऊ वर्षांची. तिनं घरभर नाचून सांगितलं, "आई, मी तू शिवलेलं जॅकेट घालणार!"

मी म्हटलं, घाल. दुसरं काही माझ्या डोक्यात आलंच नाही.

३

अल्पेशची गोणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उघडली. साठ जॅकेटं, पाठीवर रंगानं नंबर. मोतीबाई एकेक झटकून माझ्याकडे देत होती. एक्केचाळीस नंबरला तिचा हात थांबला.

"वयनी, हेची बकलं लावलेली हान."

त्यात काय, असं तुम्हाला वाटेल. पण जॅकेट अंगातून काढायचं तर बकल उघडावं लागतं. अकरा वर्षांत माझ्याकडे आलेलं प्रत्येक जॅकेट उघडं आलं. हे एकटं लावलेलं, आणि पट्टे ओढून घट्ट केलेले. मी आतून टेप फिरवला. चोवीस इंच. आठ-नऊ वर्षांचं पोर.

"अल्पेशच्या पोरांनी टवाळी केली असेल," मी म्हटलं. बकलं उघडली, बाकीच्यांसोबत धुतलं, पंख्याखाली तारेवर टाकलं आणि घरी गेले.

सकाळी कुलूप काढलं तर एकोणसाठ जॅकेटं कोरडी आणि एक्केचाळीस नंबरखाली फरशीवर थारोळं. तिन्ही बकलं लावलेली. टप, टप असा आवाज येत होता आणि तेवढा एकच आवाज होता, कारण गल्लीतल्या मशिनी अजून सुरू व्हायच्या होत्या.

मी वर बघितलं. पत्रा गळत नव्हता. पिळून परत टाकलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी हीटर लावला, बकलांना रंगीत दोरा बांधून गाठी मारल्या आणि गाळ्याची दुसरी चावी मोतीबाईकडून काढून घेतली. म्हातारी रागावली, पण दिली. चौथ्या दिवशी दोरा फरशीवर पडलेला, सुटा. बकलं लावलेली. चोवीस इंच.

"फोम खराब झालाय. स्पंजासारखा पाणी धरतोय," मी म्हटलं. धरायला पाणी कुठून येतं, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

मोतीबाईनं थारोळ्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारं हाय. आपन धुतो तं नलाच्या पान्यान." मग ती जॅकेटाकडे न बघता म्हणाली, "वयनी, हे ओलं नाय. हे कोनीतरी घातलेलं हाय."

"मोतीबाई, डोक्यावर पडलीस का गं? चहा ठेव," मी म्हटलं. तिनं चहा ठेवला. मी तो उभ्यानं, दाराबाहेर प्यायले.

४

माझा विश्वास मापावर आहे. दुरुस्त केलेलं जॅकेट मी टाकीत तपासते. गाळ्यामागे मोरीत वरून कापलेली काळी टाकी आहे, माझ्या छातीएवढी. रिकामं जॅकेट पाण्यावर आडवं पडतं, पसरतं. आत माणूस असेल तरच ते उभं राहतं, गळा वर आणि खांदे पाण्याबाहेर. हे मी हजार वेळा पाहिलंय. तेव्हा म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. भर दुपारी बारा वाजता, गल्लीत मशिनींची घरघर चालू असताना, एक्केचाळीस नंबर मी टाकीत टाकला.

आधी आडवा पडला. मला हसू आलं. बघ म्हटलं मोतीबाई, बघ तुझं भूत.

मग तो हळूहळू उभा राहिला.

गळ्याचं भोक वर आलं. खांदे पाण्याबाहेर. थोडा खाली गेला, वर आला, परत थोडा खाली. दम लागल्यावर छाती वरखाली होते तसं. मी स्वतःला सांगितलं, फोम सरकून खाली गोळा झाला असेल. पण फोम तरंगतो, तो खाली ओढत नाही. हे मला कोणी शिकवायला नको होतं. तेवढ्यात जॅकेट फिरलं. पाण्याला हालचाल नव्हती, वारा नव्हता, आणि ते फिरून पुढची बाजू माझ्याकडे करून थांबलं.

मी गळ्याला धरून वर ओढलं. जड होतं. ओल्या फोमचं वजन मला माहीत आहे, हे तेवढं नव्हतं. राजसी झोपली की तिला सोफ्यावरून पलंगावर नेते, तेवढं होतं. काठावर आल्यावर ते एकदम हलकं झालं आणि मी मागे भिंतीवर आपटले.

मोरीत पालथं पडलेल्या जॅकेटाला खाली पट्ट्याची दोन थोटकं होती. मी पट्टा कापला तेव्हा मागेपुढे चार-चार बोटं सोडलेली, ती. दोन्हींची टोकं ओढून ओढून पिंजली होती. एकमेकांना पोचत नाहीत इतकी आखूड ती थोटकं, तरी पुढच्याला गाठ मारायचा प्रयत्न केलेला होता. बुटाची नाडी नवीनच बांधायला शिकलेली पोरं मारतात तशी गाठ होती ती, मोठी आणि सैल.

मोतीबाईनं पदर तोंडाला लावला. मला मात्र भयंकर राग आला होता. कोणावर, ते तेव्हा कळलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्पेशला फोन लावला.

"बोला मॅडम! माल रेडी?"

"मागच्या सीझनला तुमच्याकडे कोणी बुडालं का?"

"काय मॅडम, सकाळी सकाळी! आपल्याकडे फुल सिस्टम आहे. साठ जॅकेटं गेली, साठ दोरीवर परत लागली, विषय संपला."

"माणसं मोजता की जॅकेटं?"

"माणसं कशी मोजणार? एक वडापावला जातो, एक सेल्फीला जातो, एक दुसऱ्याच्या बसमध्ये जाऊन बसतो. जॅकेट आलं म्हणजे माणूस आला."

"आणि जॅकेट एकटंच तरंगत आलं तर?"

"पोरं उचलून दोरीला लावतात ना. चांगला माल कोण सोडतो?"

"बकल न उघडता?"

"गळ्यातनं अडकवतात, बकलाचं काय काम?" आता त्याचा आवाज जरा उतरला. "मॅडम, असं का विचारताय? तसं काय नाय झालं. मे महिन्यात एक बाई आलती, संध्याकाळपर्यंत आरडाओरडा करत होती, माझी मुलगी तुमच्या बोटीत होती म्हणून. आम्ही दोरी दाखवली तिला. साठच्या साठ होती. बाजूच्या स्टॉलवर पाठवली मग."

"पुढं?"

"पुढं काय? गेली ती."

मी फोन ठेवला. मूर्ख, मूर्ख माणूस. त्या बाईला दोरी दाखवतो! हे मी मोठ्यानं म्हटलं. मोतीबाई माझ्याकडे बघत राहिली. मला ते झोंबलं.

६

घरी उन्मेषला म्हटलं, "राजसीला बोटीत बसवायचं नाही."

"का? जॅकेटं तूच देतेस ना?"

इथे सांगायला हवं होतं. उन्मेष, अकरा वर्षं मी पट्टे कापतेय, एवढंच वाक्य. पण जगाला मूर्ख म्हणत आलेल्या बाईला हे वाक्य उच्चारणं किती जड जातं, ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "काही नाही, दमलेय." तो परत मोबाइलमध्ये थाळीचे प्रकार बघू लागला.

मग मला जे येतं ते केलं. बाजारातून जाड पट्ट्याची बंडलं आणली आणि साठ जॅकेटांना खालचे पट्टे परत शिवायला बसले. मोतीबाई मापं कापून देई, मी मशिनीवर. तिचं एकच टुमणं होतं.

"आधी त्या पोरीला लाव, वयनी."

"मी भुतांची मापं घेत नाही."

"भूत कशाला बोलतेस गो? लेकरू हाय."

एक्केचाळीस नंबर मी गोणीत बांधून माळ्यावर टाकला आणि त्याच्या जागी नवं जॅकेट घातलं. मुद्दाम. मला माझी चूक दुरुस्त करायची होती, पण कोणी माझ्याकडून करून घेतलेली नको होती. बाकी सहा पार्ट्यांचा माल तेव्हा आधीच रवाना झालेला होता, फोटो फिटिंगसकट. तो परत मागवायचा विचार मनात आला आणि मी तो झटकला. एवढं कोण करत बसणार?

राजसीसाठी मात्र एक वेगळं शिवलं. हिरवं, चार बकलांचं, तिच्या मापाचं. ते सहलीला मी माझ्या पिशवीतून नेलं.

७

किनाऱ्यावर उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. लख्ख ऊन, आणि चाळीस माणसं एकाच वेळी समुद्राकडे पाठ करून उभी. फोटो! अल्पेश हसत पुढे आला. त्याच्या मंडपात दोरीवर जॅकेटं टांगलेली होती आणि टेबलाखाली पट्ट्यांचा ढीग पडला होता. माझे पट्टे. माझी नवी शिलाई.

"काल कापले मॅडम. कस्टमर बोंबलतात. तुम्हीच तर सुरुवात केलेली ना फोटो फिटिंगची? यंदा विसरलात वाटतं!"

सोसायटीतले चार जण ऐकत होते. उन्मेषही. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी नजर वळवली.

राजसीला हिरवं जॅकेट घातलं, खालचा पट्टा लावला. तिच्या मैत्रिणी फिदीफिदी हसल्या.

"आई, मी डायपर घातल्यासारखी दिसतेय!"

"दिस. गप्प उभी राहा."

मी अल्पेशशी भांडायला वळले. एकही बोट सोडायची नाही, आत्ताच्या आत्ता पट्टे परत लावायचे, असं काहीतरी ओरडत होते. तो समजूत घालत होता, लोक मोबाइल काढून माझा व्हिडिओ घेत होते. पाच मिनिटं गेली असतील. वळून बघते तर हिरवं जॅकेट वाळूत पडलेलं आणि राजसी दोरीवरचं केशरी जॅकेट घालून केळ्यावर, मधोमध. पुढच्या बोटीचं इंजिन सुरू झालेलं.

"जाऊ दे गं," उन्मेष म्हणाला. "सगळ्या मुली आहेत."

"उन्मेष, पट्टे मी कापत होते! अकरा वर्षं! पोरं निसटतात त्यातून!"

आता सांगून काय उपयोग? त्याच्या चेहऱ्यावर ते वाक्य पोचायच्या आत मी हिरवं जॅकेट उचलून पाण्यात धावले. मला पोहता येत नाही. मी कधी समुद्रात पाऊलही घातलं नव्हतं, तसले शौक मला नव्हते. कमरेइतक्या पाण्यात मी बोट आणि केळं यांच्यामधला दोर दोन्ही हातांनी धरला आणि कोणी आई-माईवरून देणार नाही अशा शिव्या त्या बोटवाल्याला दिल्या. इंजिन बंद झालं. राजसीला दंडाला धरून खाली खेचलं. ती रडत, ओरडत, पाणी उडवत किनाऱ्याकडे गेली. केळ्यावरच्या पोरींनाही एकेक करून उतरवायला लावलं. सगळा किनारा हसत होता. हसू देत. माझी पोरगी वाळूवर पोचली होती.

८

मी पाण्यात तशीच उभी होते. हातात हिरवं जॅकेट. लाट आली, गेली.

कोणीतरी माझं बोट धरलं.

रस्ता ओलांडताना पोरं धरतात तसं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, दोन्ही मिळून. मला वाटलं राजसी परत आली. मी म्हटलं, "मारणार नाहीये, चल." मग समोर बघितलं. राजसी उन्मेषच्या पोटात तोंड खुपसून वाळूवर रडत होती.

मी खाली बघितलं नाही. हात सोडवूनही घेतला नाही. माझं एरवीचं डोकं म्हणालं, शेवाळ असेल, दोराचं टोक असेल. शेवाळाला नखं नसतात.

"इकडे ये," मी म्हटलं. आवाज माझा वाटत नव्हता. "हात वर कर."

डोळे मिटून मी जॅकेट पाण्यात उघडलं आणि ते भरलं. एक बकल, दुसरं, तिसरं. अकरा वर्षांत हातांना इतकं शिकवलंय की डोळे लागत नाहीत. चोवीस इंच. मग वाकून खालचा पट्टा मागून ओढला, पुढे आणला. माझी बोटं थंडीनं वाकत नव्हती. एक लहान हात आला आणि त्यानं बकलाचा दुसरा भाग माझ्यासमोर धरला. खट् झालं.

तेव्हा, फक्त तेव्हा, नजर गेली. ओला भांग दिसला. वाकडा पडलेला. कोणीतरी चालत्या बसमध्ये, घाईघाईत पाडून दिलेला. मी परत डोळे मिटले.

बोट सुटलं. हिरवं जॅकेट माझ्या हाताला घासून, उभंच्या उभं, खोल पाण्याकडे गेलं. मी रडत होते. मला वाटलं, झालं. फिटलं.

मी किनाऱ्याकडे वळले आणि त्याच बोटाला परत कोणीतरी धरलं. या वेळचा हात मोठा होता, बाईचा, बांगडीसकट. आणि दुसऱ्या बाजूनं, माझ्या ओढणीचं टोक धरून, आणखी कोणीतरी. आणखी एक.

"वृंदा!" उन्मेष वाळूवरून ओरडला. "बाहेर ये! कोणाशी बोलतेयस?"

"अल्पेशला सांग," मी म्हटलं, "दोरीवरची सगळी जॅकेटं आण म्हणावं. आणि टेबलाखालचे ते पट्टे. सगळे आण."